ड्रोन नव्हे, गुरू आणि शुक्र!

ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013 या काळात लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरातल्या जवानांनी आकाशात संशयास्पद तेजस्वी वस्तू दिसल्याच्या 329 नोंदी केल्या. चीनचे टेहळणी ड्रोन असावेत, असा संशय होता. अखेर बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या तज्ज्ञांना बोलवावं लागलं. त्यांनी उलगडा केला: एक गुरू, दुसरा शुक्र.

जवानांना हसण्याचं काही कारण नाही. चंद्र मावळला की रात्रीच्या आकाशात शुक्राइतकं तेजस्वी सहसा काहीच नसतं. मात्र तो सूर्याचा पदर सोडत नाही. सूर्यापासून जास्तीत जास्त 47 अंश दूर जातो. त्यामुळे मध्यरात्री डोक्यावर दिसणारा ठळक ठिपका शुक्र असूच शकत नाही. तो बहुधा गुरू.

तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत, हे शाळेत शिकवतात. तारा इतका दूर असतो की तो निव्वळ बिंदू. ग्रहाची मात्र इवलीशी चकती असते, म्हणून हवेच्या हालचालीने तिचा प्रकाश फारसा हलत नाही. पण क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो आणि तिथे ग्रहही थरथरतात. त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे त्यांची वाट. सूर्य-चंद्र ज्या राशींच्या पट्ट्यातून फिरतात, तोच ग्रहांचाही रस्ता. सप्तर्षींत ग्रह सापडणं नाही! शनी या पट्ट्यातली एक रास ओलांडायला साधारण अडीच वर्षं घेतो. साडेसातीचा हिशोब माहीत असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मंगळ लहरी. दर 26 महिन्यांनी पृथ्वीजवळ येतो तेव्हा लालबुंद झळकतो, एरवी साध्या ताऱ्यांत हरवतो. 27 ऑगस्ट 2003 रोजी तो सुमारे 5 कोटी 58 लाख किलोमीटरवर होता. तेव्हापासून ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा संदेश ऑगस्टमध्ये मोबाइलवर फिरतो. तो खुशाल पुसून टाकावा.

खरी कसोटी बुधाची. सूर्यापासून फार तर 28 अंश, म्हणजे कायम संधिप्रकाशात. तरीही युरोपपेक्षा आपल्याकडे तो शोधणं सोपं, कारण आपल्या अक्षांशांवर ग्रहांची वाट क्षितिजाशी अधिक उभी असते आणि अंधारही लवकर पडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बुध संध्याकाळी दिसणार असेल, तेव्हा कोकणातला एखादा मोकळा किनारा गाठावा आणि सूर्यास्तानंतर पाऊण तासाने पश्चिमेला, समुद्राच्या थोडं वर बघावं. दुर्बीण लागत नाही.