पेशवाई बुडवली, शाळा काढल्या!

दोस्तांनो, मुंबईत काळा घोडा भागात एल्फिन्स्टन कॉलेजची जुनी दगडी इमारत आहे. हे एल्फिन्स्टन कोण, ठाऊक आहे? पूर्वी मुंबईत एल्फिन्स्टन रोड नावाचं रेल्वे स्टेशनही होतं. २०१८ साली त्याचं नाव प्रभादेवी झालं. पण ते नाव होतं पुतण्याचं. तोही मुंबईचा गव्हर्नर होता. आपली गोष्ट आहे काकाची, म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनची.

हा मूळचा स्कॉटलंडचा, जन्म १७७९ चा. १७९६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी तो कलकत्त्याला उतरला, तेव्हा वय अवघं सोळा! तुमच्या अकरावीतल्या ताई-दादाएवढं. पुढे बनारसला असताना १७९९ मध्ये तिथल्या इंग्रजांवर हल्ला झाला. घोड्यावर टाच मारून तो कसाबसा निसटला. १८०३ च्या असईच्या लढाईत तो सेनापती वेलस्लीच्या बरोबर होता. त्याचं धाडस बघून वेलस्ली म्हणाला, की तू खरं तर सैनिकच व्हायला हवं होतंस. हाच वेलस्ली पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

१८११ मध्ये एल्फिन्स्टन पुण्याला रेसिडेंट म्हणून आला. रेसिडेंट म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील. नावाला वकील, पण काम पेशव्यांवर पाळत ठेवायचं! मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा बंगला होता आणि बंगल्यात त्याची लाडकी पुस्तकं. कारण स्वारी पक्की पुस्तकवेडी!

जून १८१७ मध्ये त्याने दुसऱ्या बाजीरावाला एका कडक तहावर सही करायला लावली. पेशव्यांचे किल्ले गेले, मुलूख गेला. बाजीराव आतून धुमसत होता. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला लढाई जुंपली. पेशव्यांची फौज मोठी होती, सेनापती बापू गोखले शूर होते, पण जय इंग्रजांचा झाला. त्या दिवशी संगमावरचा बंगला जळाला आणि एल्फिन्स्टनची पुस्तकंही खाक झाली. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. १८१८ मध्ये पेशवाई संपली.

आता जिंकलेल्या मुलखाचा कारभार त्याच्याच हाती आला. लोक चिडले तर राज्य टिकणार नाही, हे तो ओळखून होता. म्हणून त्याने इनामं, वतनं, गावच्या पंचायती एकदम मोडल्या नाहीत. पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. त्यातल्या काही पैशांतून १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात पाठशाळा सुरू झाली. तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं.

१८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. या काळात मराठी शाळा निघाल्या आणि शाळेची पुस्तकं मराठीत छापली जाऊ लागली. त्याच्या तंबूतला असा पुस्तकांचा ढीग पाहून ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने विचारलं, हे कशासाठी? एल्फिन्स्टनचं उत्तर असं होतं, की इथल्या लोकांना शिकवण्यासाठी, पण आपल्याला युरोपात परत नेणारा राजरस्ताही हाच आहे! लोक शिकले की एक दिवस आपलं राज्य जाणार, हे त्याला तेव्हाच दिसलं होतं.

मग त्याला निव्वळ भला माणूस म्हणायचं का? थांबा! शिक्षणावर लिहिताना त्याने सरकारला एक इशारा दिला होता. खालच्या मानलेल्या जातींची मुलं हुशार निघतात, हे त्याने कबूल केलं. पण शिक्षण आधी त्यांच्यात रुजलं तर वरच्या जाती दूर राहतील आणि ते पुढे पसरणारच नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणजे ज्यांना शाळेची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच मागे ठेवायचं!

तो १८२७ मध्ये मायदेशी निघाला, तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावाने शिक्षणासाठी वर्गणी काढली. दोन लाखांहून जास्त रुपये जमले. त्यातून उभ्या राहिलेल्या एल्फिन्स्टन संस्थेत ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी शिकवलं. दादाभाई नौरोजी तिथेच शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. इंग्रज राज्यात भारताचा पैसा कसा बाहेर जातो, हे याच दादाभाईंनी आकडे मांडून जगाला दाखवलं. न्यायमूर्ती रानडेही तिथलेच विद्यार्थी.

एल्फिन्स्टनने पुढे भारताचा इतिहास लिहिला. गव्हर्नर जनरलचं पद दोनदा नाकारलं. १८५९ मध्ये तो इंग्लंडमध्ये वारला.

त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी, १९१२ मध्ये, एल्फिन्स्टन कॉलेजातून एक तरुण बी. ए. झाला. ज्या मुलांना मागे ठेवायचा सल्ला एल्फिन्स्टनने दिला होता, त्यांच्यातलाच हा एक. त्याचं नाव भीमराव आंबेडकर!

शाळेचं दार उघडणाऱ्याने ते अर्धंच उघडलं होतं. उरलेलं कुणी-कुणी ढकलून उघडलं, ते आज आई-बाबांना जरूर विचारा बरं का!