देवराई राखली, पण परागांचं काय?

पाइनच्या परागकणाला हवेच्या दोन पिशव्या असतात. वाऱ्यावर तो कित्येक किलोमीटर जातो. म्हणून जंगलाचे तुकडे झाले तरी पाइनमध्ये जनुकांची देवाणघेवाण काही प्रमाणात चालू राहते.

रानटी जायफळाला ही सोय नाही. त्याची नर-मादी झाडं वेगळी असतात आणि पराग लहान कीटक नेतात. कोल्हापूरला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथे अशा झाडांची पाणथळ देवराई आहे. २०२१ मध्ये ती जैवविविधता वारसा स्थळ ठरली. क्षेत्र सुमारे अडीच हेक्टर.

बाहेरचे पराग आले नाहीत, तर पिढ्यानपिढ्या नात्यातल्याच झाडांचं बी रुजतं. वैविध्य घटतं आणि एखादा नवा रोग साऱ्यांनाच गाठू शकतो. म्हणून राईबरोबर भोवतालचं जंगलही राखायला हवं. कीटकांची ये-जा त्यातूनच होते.