जकात बंदरावर, झळ वऱ्हाडांत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या कापूस बाजारांत 'ऊमरा' हा शब्द नित्य कानीं पडत असे. तेथल्या दलालांपैकीं बहुतेकांनीं हिंदुस्थान कधीं डोळ्यांनीं पाहिला नसेल. परंतु अमुक गांठी 'ऊमरा'च्या आहेत एवढें म्हणतांच त्या कापसाचा धागा आंखूड असावयाचा हें ते जाणत आणि त्या बेतानें भाव करीत. हा 'ऊमरा' म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपल्या उमरावतीचें, आजच्या अमरावतीचें, परक्या जिभेवर झिजून राहिलेलें नांव होय.

ज्या गांवाचें नांव असें सातासमुद्रांपलीकडे गेलें, त्या गांवच्या आणि शेजारच्या अकोल्याच्या सुशिक्षित घरांतहि, माल परदेशीं जातो कसा आणि त्याच्यावर जकात बसते म्हणजे नेमकें काय होतें, याची कल्पना फारशी स्पष्ट नसते. जकात हा बंदरावरच्या व्यापाऱ्यांचा विषय, आपला नव्हे, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करूं. शहराच्या वेशीवर नाकें उभारून नगरपालिका जी जकात घेत, ती वेगळी. ती महाराष्ट्रांतून २०१७ सालापर्यंत नाहींशी झाली. आजचा विषय आहे तो एका देशांतून दुसऱ्या देशांत जाणाऱ्या मालावरच्या जकातीचा. सरकारी भाषेंत तिला सीमाशुल्क म्हणतात, आणि आपल्याकडे तिचा मूळ कायदा १९६२ सालचा आहे.

वऱ्हाडचा कापूस पूर्वीं सुखासुखीं परदेशीं जात नसे. आगगाडी येण्यापूर्वीं अमरावतीचा माल बैलांच्या पाठीवर लादून सुमारें ५०० मैलांवरच्या मिर्झापुरास नेत, आणि तेथून तो नावांतून गंगेच्या प्रवाहानें कलकत्त्यास उतरे. वाटेंत धूळ, चिखल, पाऊस आणि ठिकठिकाणचीं नाकीं. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां तेथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि आपल्या कापसास कधीं न पाहिलेला भाव आला. त्याच दशकांत लोहमार्ग वऱ्हाडांतून पुढें जाऊन १८६७ सालीं नागपुरास पोंचला; १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला; १८७० सालीं लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खामगांवचा रेल्वेफांटा व तेथील कापूस बाजार उघडला गेला. वाट सुकर झाली, वाटेवरचीं नाकीं गेलीं. बंदरावरचें नाकें मात्र राहिलें.

वाट सुकर झाली तसा दुसराच प्रश्न उभा राहिला. हजारों मैलांवर बसून माल विकत घेणाऱ्यास गांठीच्या पोटांत काय आहे हें कळावें कसें? कापसावर पाणी मारून वजन वाढविणें, त्यांत सरकी व कचरा मिसळणें, हे प्रकार इतके बोकाळले होते कीं १८६३ सालीं मुंबई इलाख्यांत त्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. १८८६ सालीं कारंज्याचा कापूस बाजार नियमांखालीं आला. १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्य बाजारांसाठीं कायदा झाला. आणि १९२५ च्या कायद्यानें प्रत्येक गांठीवर दाबखान्याची खूण व अनुक्रमांक घालणें सक्तीचें झालें. या सर्वांमागें तत्त्व एकच होतें. मालाविषयीं जें लिहिलें आहे तें मालाशीं जुळलें पाहिजे. जकातीच्या कायद्याचा पायाहि हाच आहे.

आतां आजची रीत पाहूं. समजा, अकोल्याच्या एका व्यापाऱ्यानें बांगला देशांतील एका सूतगिरणीस १०० गांठी विकल्या. एक गांठ १७० किलोची, म्हणजे एकंदर माल १७ टन झाला. पहिली गोष्ट, व्यापाऱ्याजवळ परदेश व्यापार महासंचालनालयानें दिलेला दहा अक्षरांचा आयात-निर्यात संकेतांक हवा; त्यावांचून पुढचें पाऊल पडत नाहीं. दुसरी गोष्ट, भाडें व विमा कोणीं सोसावयाचा हें सौद्यांतच ठरलें पाहिजे. माल जहाजावर चढेपर्यंतचीच जोखीम व खर्च विकणाऱ्यानें पत्करला, तर त्या भावास 'एफ. ओ. बी.' म्हणतात; समुद्रावरचें भाडें आणि विमा हेहि त्यानेंच भरावयाचे असतील तर 'सी. आय. एफ.' म्हणतात. तिसरी गोष्ट पैशाची. परदेशांतल्या अनोळखी गिऱ्हाइकाचा भरवसा काय? म्हणून गिऱ्हाइकाची बँक पतपत्र देते आणि त्यांत कबूल करते कीं, अमुक कागद अमुक मुदतींत आमच्यापुढें आले म्हणजे पैसे आम्ही देऊं. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बँक कापूस पाहत नाहीं, कागद पाहते. एका कागदांतलें मालाचें वर्णन दुसऱ्याशीं जुळलें नाहीं, तर कापूस कितीहि चांगला असो, पैसे अडून राहतात.

नंतर गांठी कंटेनर नांवाच्या लोखंडी पेटाऱ्यांत भरून, त्यावर मोहोर लावून, न्हावाशेव्याच्या बंदराकडे निघतात. हें बंदर १९८९ सालीं सुरू झालें. व्यापाऱ्याच्या वतीनें कस्टम दलाल 'शिपिंग बिल' नांवाचा अर्ज दाखल करतो. आतां तो संगणकावरूनच पाठवावयाचा असतो. त्यांत मालाचें वर्णन, वजन, किंमत, जावयाचा देश, आणि जकातीच्या कोष्टकांतील त्या मालाचा क्रमांक लिहावा लागतो.

हा क्रमांक म्हणजे या सगळ्या व्यवहाराची किल्ली आहे. १९८८ सालापासून जगांतील बहुतेक व्यापारी देशांनीं वस्तूंचें एकच वर्गीकरण मान्य केलें आहे. त्याचे पहिले सहा आंकडे सर्वत्र सारखे असतात. पुढचे आंकडे प्रत्येक देश आपल्या सोयीनें जोडतो. आपल्याकडे एकंदर आठ आंकडे आहेत. न विंचरलेला कापूस ५२०१ खालीं येतो, विंचरलेला ५२०३ खालीं, आणि सूत झालें कीं तें ५२०५ मध्यें गेलें. घरांत आपण मोसंबें आणि संत्रें यांत भेद करतों. जकातीचें कोष्टकहि तो करतें, आणि त्या दोहोंना निरनिराळे क्रमांक देतें. क्रमांक चुकला तर जकात चुकते. मुद्दाम चुकविला तर माल जप्त होऊन वर दंडहि बसूं शकतो.

अधिकाऱ्यास आवश्यक वाटल्यास तो पेटारा उघडून माल तपासतो. सर्व जुळलें म्हणजे निर्यातीची परवानगी मिळते. माल जहाजावर चढल्यावर जहाज कंपनी 'बिल ऑफ लेडिंग' देते. ही नुसती पोंच नव्हे; पलीकडच्या बंदरावर माल मिळतो तो याच कागदाच्या बळावर. याच्या जोडीला, माल खरोखर कोणत्या देशांत पिकला याचा दाखला, आणि गांठींना कीडनाशक धुरी दिल्याचा दाखला, असे कागद पुष्कळ देश मागतात. पलीकडे माल उतरला कीं हीच कथा उलट्या क्रमानें सुरू होते. आयात करणारा आपला अर्ज देतो, तेथील अधिकारी मालाची किंमत ठरवितात, आणि त्या किंमतीवर जकात घेतात. आपल्या देशांत ही किंमत धरतांना जहाजाचें भाडें आणि विमाहि त्यांत मिळवितात, म्हणजे जकात भाड्यावरहि बसते.

येथवर कागदांची हकीकत झाली. खरा प्रश्न यापुढेंच आहे. जकात कोण देतो? पावती पाहिली तर आयात करणारा. परंतु कर भरणारा एक आणि कर सोसणारा दुसरा, असें फार वेळां घडतें. समजा, एक वस्तु परदेशच्या बाजारांत १०० रुपयांस विकली जाते, आणि तेथल्या सरकारनें तिच्यावर १० रुपये जकात बसविली. तेथलें गिऱ्हाईक ११० रुपये द्यावयास राजी असेल, तर भार त्याच्यावर पडला. तें १०० च्या वर जाईना, तर व्यापारी आपल्या दारीं येऊन तोच माल ९० ला मागेल. ज्याला दुसरें दार आहे तो निसटतो. ज्याला नाहीं त्याला सोसावें लागतें. याचीं तीन उदाहरणें वऱ्हाडच्याच अनुभवांत आहेत.

पहिलें उदाहरण १९३३ सालचें. त्या काळीं आपल्या आंखूड धाग्याच्या कापसाचें मोठें गिऱ्हाईक जपान होतें. त्या वर्षाच्या जून महिन्यांत हिंदुस्थान सरकारनें ब्रिटनबाहेरून येणाऱ्या सुती कापडावरील जकात शेंकडा ७५ पर्यंत चढविली. जपानी कापडाच्या स्वस्ताईपासून येथल्या गिरण्यांना वांचविणें हा तिचा सांगितलेला हेतु होता. जपानी सूतगिरण्यांनीं उत्तर दिलें तें हिंदी कापसावर बहिष्कार घालून. जकात होती कापडावर. बसविली होती येथल्याच सरकारनें. आणि गिऱ्हाईक तुटलें तें कापूस पिकविणाऱ्याचें. सिमल्यास व दिल्लीस कित्येक महिने वाटाघाटी होऊन १९३४ च्या जानेवारींत तडजोड निघाली. जकात शेंकडा ५० वर आली. जपाननें वर्षास १० लक्ष गांठी कापूस घ्यावा आणि ३२ कोटि ५० लक्ष वार कापड येथें पाठवावें. जास्त कापूस घेतल्यास कापडहि त्या प्रमाणांत वाढावें, मात्र १५ लक्ष गांठींना ४० कोटि वारांच्या पुढें जाऊं नये, असें ठरलें. कापूस आणि कापड अशीं एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसलीं. कापडावरच्या जकातीचा कापसाच्या गाडीशीं काय संबंध, असें ज्यास वाटत असेल त्यानें हा करार आठवावा.

दुसरें उदाहरण संत्र्यांचें. अमरावती जिल्ह्यांतील वरुड, मोर्शी या भागांतल्या संत्र्यांस बांगला देश हें जवळचें आणि मोठें गिऱ्हाईक. तेथील सरकारनें या फळांवरची आयात जकात वर्षानुवर्षें वाढवीत नेली. २०१९ च्या सुमारास किलोमागें २० रुपयांच्या घरांत असलेली जकात २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेली. संत्रें हें कांहीं गांठ बांधून वखारींत ठेवण्याजोगें फळ नव्हे. झाडावरून उतरलें कीं तें विकावेंच लागतें. शिवाय झाड लावल्यापासून भरघोस फळ धरावयास चार-पांच वर्षें लागतात. यंदा ढाक्यास जकात वाढली म्हणून पुढल्या वर्षीं बाग बदलतां येत नाहीं. दुसरें दार नसणें म्हणजे काय, तें येथें स्पष्ट दिसतें.

तिसरें उदाहरण अगदीं अलीकडचें. येथें जकात वाढली नाहीं, उठली. परदेशांतून येणाऱ्या कापसावर २०२१ सालीं एकंदर शेंकडा ११ जकात बसविण्यांत आली : मूळ जकात ५, शेतीच्या सोयींसाठीं उपकर ५, आणि या दहांवर दहावा हिस्सा अधिभार, म्हणजे १. ती १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ करण्यांत आली. प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत, आणि मागाहून ३१ डिसेंबरपर्यंत. गिरण्यांची बाजू पोकळ नव्हती. त्याच ऑगस्टच्या २७ तारखेपासून अमेरिकेनें बहुतेक भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली होती, आणि तयार कपड्यांचा धंदा तगवावयाचा तर कच्चा माल स्वस्त हवा, हें त्यांचें म्हणणें समजण्यासारखें होतें. पण वऱ्हाडांतला शेतकरी जूनमध्यें पेरून बसला होता. दसरा-दिवाळीला त्याची वेचणी व्हावयाची, आणि नेमक्या त्याच महिन्यांत परदेशी गांठींना दार मोकळें झालें. सरकारी हमी भाव मध्यम धाग्यास क्विंटलमागें ७,७१० आणि लांब धाग्यास ८,११० रुपये असा जाहीर होता खरा. परंतु हमी भाव हा सरकारी खरेदी केंद्रावर माल गेला तर मिळतो, खुल्या बाजारांत मिळतोच असें नाहीं.

या तिन्ही उदाहरणांत जकात भरणारे निराळे होते, सरकारें निराळीं होतीं, मालहि निराळा होता. झळ लागली ती एकाच ठिकाणीं. तिचें कारण कोणाचें दुष्टपण नव्हे. जकात एका रात्रींत बदलतां येते, शेत मात्र वर्षांतून एकदांच पेरतां येतें आणि बाग पिढीतून एकदां लावतां येते. व्यापारी सौदा थांबवूं शकतो, गिरणी दुसऱ्या देशाचा कापूस घेऊं शकते. उभें पीक कोठें जाणार?

म्हणून जकात असावी कीं नसावी, या वादापेक्षां ती केव्हां बदलावी, हा प्रश्न आपल्या प्रांतास अधिक जिव्हाळ्याचा आहे. कापसावरील जकातीचें त्या हंगामापुरतें धोरण पेरणीपूर्वींच जाहीर झालें, तर कपाशी किती लावावी आणि सोयाबीन किंवा तूर किती, याचा हिशेब शेतकऱ्यास मांडतां येईल. ही मागणी कोणाच्या विरुद्ध नाहीं. चार महिने आधीं कळलें तर गिरणीवाल्यांचीहि सोयच आहे.

तेव्हां यापुढें वर्तमानपत्रांत 'आयात शुल्कांत बदल' अशी चार ओळींची बातमी दिसली, तर ती बंदरावरच्या लोकांची म्हणून उलटूं नये. ती तारीख पाहावी, आणि त्या दिवशीं आपल्याकडे शेतांत काय उभें आहे, याचा क्षणभर विचार करावा.