दुखत नाही म्हणून

सकाळी ६.३० : बार्शी तालुक्यातलं गाव. आशाताईंची शेवटची भाकरी तव्यावर आहे. पिशवीत तब्येतीच्या प्रश्नांचे सीबॅक फॉर्म, पेन, कंबर मोजायची टेप. तिशीपुढच्या बायका गाठायच्यात. एकदा खुरपणीला गेल्या की दिवस मावळेपर्यंत हाती लागत नाहीत.

७.१५ : पहिलं घर. तंबाखू, दारू, कंबरेचं माप, एकेक रकाना भरतो. मग खालचे प्रश्न. स्तनात गाठ? बोंडातून रक्त? आकारात फरक? सुनेच्या आधी सासूच "नाही" म्हणते. ताई पेन मिटतात. "वहिनी, जरा पाणी देता?" म्हणत सुनेच्या मागोमाग आत जातात. हे प्रश्न ओसरीवर विचारायचे नसतातच.

८.४० : कांद्याचं रान. बावन्न वर्षांच्या काकू खुरपं न थांबवता सांगतात, "गाठ हाय गं. पण दुखत न्हाई. चार महिनं झालं."

"दुखत नाही म्हणूनच दाखवायची, काकू."

हजेरी तीनशे रुपये. उठलं की अर्धी गेली. काकू बांधाकडे बघतात, मग खुरपं पुसून कमरेला खोवतात.

११.०० : उपकेंद्र. समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ मॅडम पडदा ओढतात. आधी नुसतं बघणं. हात कमरेवर, मग डोक्यावर. कातडी कुठे ओढली जाते का, संत्र्याच्या सालीसारखी दिसते का, बोंड आत गेलंय का. मग मधल्या तीन बोटांची पेरं गोल फिरत गळ्याच्या हाडापासून खाली येतात, शेवटी काखेत. गाठ कडक आहे, फारशी हलत नाही. बऱ्याच गाठी साध्या निघतात, पण ते नुसत्या हाताला कळत नाही. मॅडम चिठ्ठी लिहितात.

मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८पासून वीस वर्षं, दीड लाख बायकांचे दोन गट करून, हीच हाताची तपासणी पारखली. तपासलेल्या गटात पन्नाशीपुढच्या बायकांचे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी भरले. मॅमोग्राफीचं यंत्र नव्हतं. शिकवलेले हात होते.

११.४० : उपकेंद्राची पायरी. "सुई घातली की पसरतो म्हणं?"

"नाही पसरत. सुईने तुकडा काढल्याशिवाय निदानच होत नाही."

"समदी छाती काढत्यात?"

गाठ लहान असली तर बहुतेकदा तेवढीच काढून रेडिएशनचा शेक देतात. मोठी असली तर आधी केमो. काहींना नंतर पाच ते दहा वर्षं रोज गोळी. ताई बोटांवर सांगतात. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, एसटीचं अर्धं तिकीट, रेशनकार्ड, आधार. उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात.

दुपारी ४.०० : अंगणवाडी. बाळंतिणीला अंगावर पाजायला सांगतात. त्याने आईला या कर्करोगाचा धोकाही थोडा कमी होतो.

संध्याकाळी ७.१० : काकूंचं घर. मुलगा म्हणतो, "कांदा निघाला की नेतो." ताई उठत नाहीत. चहा दुसऱ्यांदा येतो. शेवटी सोमवारची सकाळची गाडी ठरते. ताई सोबत जाणार, त्यांचाही दिवस मोडणार.

वाचणाऱ्या बायांनो, पाळी संपली की आंघोळीच्या वेळी हात फिरवून बघा. पाळी थांबली असेल तर महिन्यातला एक दिवस ठरवा. नवी गाठ लागली तर दुखायची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा.