ए-सिरीज : आराखड्याच्या चौकटीत वाढलेले इंजिन

ब्रिटनमधील ऑस्टिन कंपनीने 1951 मध्ये आपल्या ए-30 या छोट्या मोटारीसाठी 803 सीसीचे चार सिलिंडरांचे एक पेट्रोल इंजिन बाजारात आणले. हेच इंजिन पुढे 'ए-सिरीज' या नावाने ओळखले गेले आणि त्याच वंशातील इंजिन बसवलेली शेवटची मिनी 4 ऑक्टोबर 2000 रोजी बर्मिंगहॅममधील लाँगब्रिजच्या कारखान्यातून बाहेर पडली. या जवळजवळ अर्ध्या शतकात मालक कंपनीची नावे ऑस्टिन, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी), ब्रिटिश लेलँड, ऑस्टिन रोव्हर आणि रोव्हर अशी बदलत गेली. इंजिनाचा मूळ सांगाडा मात्र बदलला नाही. या दीर्घायुष्याचे श्रेय सहसा मूळ आराखड्याच्या साधेपणाला दिले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु त्या आराखड्यातील उणिवाही तितक्याच टिकाऊ ठरल्या, आणि इंजिनाची प्रत्येक नवी आवृत्ती ही त्या उणिवांशी केलेली तडजोड होती, हे ध्यानात घेतल्याखेरीज ए-सिरीजचा इतिहास नीट उलगडत नाही.

मूळ रचना ऑस्टिनच्या ए-40 या मोटारीतील मोठ्या इंजिनाच्या धर्तीवर, आकाराने लहान करून बेतलेली होती. सिलिंडरांचा ठोकळा आणि त्यावरचे झाकण, म्हणजे ब्लॉक आणि हेड, दोन्ही बिडाचे होते आणि क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंगांचा आधार होता. सिलिंडरात हवा व इंधन घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये वरच्या बाजूस होते, परंतु त्यांना चालना देणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असल्याने त्याची हालचाल पुशरॉड नावाच्या लांब दांड्यांनी वर पोचवली जाई. त्या काळच्या अनेक छोट्या गाड्यांत व्हॉल्व्ह सिलिंडरांच्या शेजारी ब्लॉकमध्येच असत आणि त्यामुळे ज्वलनकक्ष पसरट व अकार्यक्षम होई. त्या तुलनेत ही रचना बरीच पुढची होती. हृदयाच्या आकाराचा तिचा ज्वलनकक्ष हॅरी वेस्लेक या अभियंत्याच्या संशोधनावर आधारलेला होता. ऑस्टिन आणि मॉरिसची मालक असलेली नफील्ड या कंपन्या 1952 मध्ये एकत्र येऊन बीएमसी स्थापन झाली, तेव्हा मॉरिस मायनरमधील 918 सीसीचे जुने इंजिन काढून त्याच्या जागी हे लहान 803 सीसीचे इंजिन बसवण्यात आले.

याच आराखड्यात पुढील अडचणींचे मूळही होते. कॅमशाफ्ट, पुशरॉड, कार्ब्युरेटर आणि धुराची नळी हे सर्व इंजिनाच्या एकाच बाजूस ठेवून डिस्ट्रिब्युटर व डायनामो यांसारखी विजेची उपकरणे दुसऱ्या बाजूस नेली होती, म्हणजे गळणारे पेट्रोल आणि ठिणगी एकमेकांपासून दूर राहत. पण पुशरॉडांच्या वाटांनी हेडमधील जागा व्यापल्यामुळे चार सिलिंडरांना इंधनमिश्रण आत घेण्यासाठी चार स्वतंत्र दारे देता आली नाहीत. पहिला व दुसरा सिलिंडर मिळून एक आणि तिसरा व चौथा मिळून एक अशी दोनच दारे ठेवावी लागली. धूर बाहेर पडण्यासाठीही मधल्या दोन सिलिंडरांत एक दार सामाईक होते. ज्वलनाचा क्रम 1-3-4-2 असल्याने सामाईक दारातून मिश्रण घेणारे दोन सिलिंडर क्रँकशाफ्टच्या अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने लागोपाठ ओढ घेत आणि त्यानंतर ते दार दीर्घकाळ स्वस्थ राही. परिणामी मिश्रणाची वाटणी कधीच पूर्णपणे समान होत नसे. बीएमसीच्या मोठ्या बी-सिरीज इंजिनातही दारांची हीच जोडणी होती, आणि हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बेसेडरमध्ये अनेक वर्षे असलेले 1489 सीसीचे इंजिन त्या बी-सिरीजचे असल्याने हा आराखडा भारतीय रस्त्यांवरही दीर्घकाळ वावरला.

इंजिनाची क्षमता वाढवण्याचे मार्ग दोनच असतात : सिलिंडराचा व्यास, म्हणजे बोअर, रुंद करणे किंवा दट्ट्याच्या वरखाली धावण्याचे अंतर, म्हणजे स्ट्रोक, वाढवणे. ए-सिरीजच्या ब्लॉकची लांबी उत्पादनाच्या यंत्रसामग्रीने जवळजवळ कायमची ठरवून टाकली होती. म्हणून 1956 मध्ये बोअर 58 मिलिमीटरवरून 62.9 मिलिमीटरपर्यंत नेऊन 948 सीसीची आवृत्ती तयार करताना शेजारच्या दोन-दोन सिलिंडरांच्या भिंती एकमेकींना जोडाव्या लागल्या आणि त्यांच्यामध्ये थंड पाणी खेळण्यास जागा उरली नाही. हा धोका पत्करण्याजोगा ठरला, कारण याच इंजिनाने मॉरिस मायनर 1000 आणि ऑस्टिन ए-35 या गाड्यांना महामार्गावर धावण्याचे बळ दिले. मायनर तर 1961 च्या सुमारास दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश मोटार ठरली. दोन कार्ब्युरेटर लावलेले हेच इंजिन 1958 मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट या स्वस्त स्पोर्ट्स कारमध्ये आले.

इंजिनाला खरी कीर्ती मिळाली ती 1959 च्या मिनीमुळे. सुएझच्या संघर्षानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग झाले, तेव्हा बीएमसीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी अलेक इसिगोनिस यांच्याकडे अगदी छोट्या मोटारीचे काम सोपवले आणि कंपनीकडे तयार असलेलेच इंजिन वापरण्याची अट घातली. इसिगोनिस यांनी ए-सिरीज आडवे बसवले आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या तळाशी, तेलाच्या टाकीतच ठेवला, त्यामुळे सुमारे दहा फूट लांबीच्या गाडीत चार माणसांना बसण्याइतकी जागा मिळाली. मात्र इंजिन आणि गिअर यांना एकच तेल पुरवले गेल्याने गिअरांच्या दातांत ते तेल लवकर झिजे. सुरुवातीच्या नमुना गाड्या 948 सीसीच्या इंजिनावर फारच वेगाने धावू लागल्या, तेव्हा स्ट्रोक 76.2 मिलिमीटरवरून 68.26 मिलिमीटरपर्यंत कमी करून क्षमता 848 सीसीवर आणण्यात आली. शिवाय इंजिन उलट दिशेने फिरवून बसवल्यामुळे कार्ब्युरेटर मागे आणि डिस्ट्रिब्युटर पुढे, थेट जाळीमागे आला. पेट्रोलपासून सुरक्षित राहावीत म्हणून वेगळ्या बाजूस ठेवलेली विजेची उपकरणे आता पावसाच्या तोंडी आली, आणि सुरुवातीच्या मिनी मुसळधार पावसात बंद पडू लागल्या.

शर्यतींच्या मोटारी बनवणाऱ्या जॉन कूपर यांच्या सहकार्याने 1961 मध्ये 997 सीसीची मिनी कूपर आली. तिच्यात मूळ 34 अश्वशक्तीच्या जागी 55 अश्वशक्ती मिळत होती. त्यानंतरच्या कूपर एस या मालिकेसाठी सिलिंडरांच्या मध्यरेषा थोड्या सरकवून 70.6 मिलिमीटरचा बोअर साधण्यात आला आणि निरनिराळे स्ट्रोक वापरून 1963 मध्ये 1071 सीसीचे, तर 1964 मध्ये 970 आणि 1275 सीसीचे इंजिन तयार झाले. माँटे कार्लो रॅलीत 1964, 1965 आणि 1967 या वर्षी मिनी कूपर एसने विजय मिळवला. 1966 मध्येही ती पहिली आली होती, परंतु हेडलाइटच्या नियमावर बोट ठेवून ती बाद ठरवण्यात आली. याच काळात कौटुंबिक गाड्यांसाठी 1962 मध्ये स्ट्रोक 83.72 मिलिमीटरपर्यंत वाढवून केलेली 1098 सीसीची आवृत्ती मात्र वेगळाच धडा देऊन गेली : इतका लांब स्ट्रोक आणि तीनच बेअरिंगांचा आधार यामुळे अधिक फेऱ्यांवर क्रँकशाफ्टला हेलकावे बसत, आणि स्पोर्ट्स गाड्यांमधील या इंजिनाची मुख्य बेअरिंगे 1964 मध्ये जाड करावी लागली. पुढे 1275 सीसीची सौम्य आवृत्ती हीच कुटुंबातील मोठ्या गाड्यांची मुख्य शाखा झाली आणि 1971 च्या मॉरिस मरीनामध्ये ती आडवी न बसवता जुन्या पद्धतीने उभी बसवण्यात आली.

ए-सिरीजला पर्याय शोधण्याचे प्रयत्नही झाले. इसिगोनिस यांनी 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात 9एक्स या नावाने नव्या मिनीचा आराखडा केला आणि तिच्यासाठी हलके, वरच्या कॅमशाफ्टचे नवे इंजिन विकसित केले; पण नव्या ब्रिटिश लेलँडमध्ये त्याला पाठबळ मिळाले नाही आणि ते उत्पादनात आले नाही. नव्या इंजिनासाठी नव्या यंत्रसामग्रीची गरज असते आणि तिच्यासाठी लागणारे भांडवल आर्थिक ओढाताणीत सापडलेल्या या कंपनीजवळ नव्हते. म्हणून 1980 मध्ये मेट्रो ही नवी गाडी आली तेव्हाही तिच्यासाठी जुन्याच इंजिनाची डागडुजी करण्यात आली. 'ए-प्लस' या नावाच्या या आवृत्तीत ब्लॉक अधिक ताठ केला, अंतर्गत भाग सुधारले, पण पाच दारांचे हेड आणि तीन बेअरिंगे कायम राहिली. एमजी मेट्रो टर्बोमध्ये, धुराच्या दाबावर फिरणाऱ्या पंख्याने हवा कोंबून या इंजिनाकडून 93 अश्वशक्ती, म्हणजे 1951 च्या सुमारे 28 अश्वशक्तीच्या तिपटीहून अधिक, मिळवण्यात आली. तथापि गिअरबॉक्स तळाच्या टाकीत असल्याने त्याला पेलवेल इतकाच पिळाचा जोर ठेवणे भाग होते, आणि कमी फेऱ्यांवर टर्बोचा दाब मुद्दाम मर्यादित ठेवावा लागला.

मेट्रोला 1990 मध्ये नवे के-सिरीज इंजिन मिळाल्यावर ए-सिरीज मुख्यतः मिनीपुरते उरले. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे कार्ब्युरेटर जाऊन एका जागी इंधन फवारणारी यंत्रणा आली आणि 1996 मध्ये दोन फवारे असलेली शेवटची आवृत्ती आली. आधुनिक इंजिनात प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र फवारा असतो, कारण त्यामुळे इंधनाचे प्रमाण अचूक राखता येते. परंतु येथे दारेच दोन असल्याने फवारेही दोनच लावता आले आणि प्रत्येक फवाऱ्याला दोन सिलिंडरांची गरज भागवावी लागली. सुमारे 53 लाख मिनींचे उत्पादन झाल्यानंतर या इंजिनाचा वंश थांबला. बीएमडब्ल्यूने 2001 मध्ये आणलेल्या नव्या मिनीत ब्राझीलमध्ये बनलेले, प्रत्येक सिलिंडराला चार व्हॉल्व्ह असलेले इंजिन होते आणि ए-सिरीजशी त्याचे कसलेही नाते नव्हते.

यंत्राचे आयुष्य त्याच्या कामगिरीवर ठरते असा समज असतो, पण ए-सिरीजच्या बाबतीत कारखान्यातील साचे, बोअर पाडणारी यंत्रे आणि ती बदलण्याची ऐपत यांचे वजन अधिक पडले. ड्रॉइंग बोर्डावर घेतलेला एक किरकोळ वाटणारा निर्णय, म्हणजे पुशरॉड कोणत्या बाजूस ठेवायचे हा, अर्ध्या शतकानंतर इंधनाचे किती फवारे लावायचे हेही ठरवून गेला. अभियंत्यांच्या पिढ्यांनी त्याच चौकटीत कामाची गाडी, रॅली जिंकणारी गाडी आणि टर्बोची गाडी घडवली हे त्यांचे कसब. ती चौकट मोडता आली नाही, ही त्यांच्या कंपनीची असमर्थता. एका इंजिनकुटुंबाच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी इतक्या स्पष्टपणे शेजारीशेजारी क्वचितच दिसतात, आणि म्हणूनच ब्रिटिश मोटार उद्योगाची वाढ व घसरण अभ्यासणाऱ्याला ए-सिरीज वगळून पुढे जाता येत नाही.