न्हाणीघराची दुरुस्ती : परवानगी केव्हा घ्यावी?

घरात वृद्ध माणूस असले म्हणजे न्हाणीघराची काळजी आपोआपच वाढते. ओल्या फरशीवरून पाय घसरतो, खाली बसून उठताना गुडघे साथ देत नाहीत, अरुंद दारातून आधार द्यायला दुसरे माणूस आत शिरू शकत नाही. मग एके दिवशी घरात विचार निघतो की, आता हे न्हाणीघर नीट करून घेतलेच पाहिजे. विचार उत्तमच, परंतु गवंड्याचा हातोडा भिंतीवर पडण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. या कामाला परवानगी लागते काय?

असे एक घर आपण डोळ्यांसमोर आणू या. चेन्नईच्या वायव्येस अंबत्तूर नावाचे उपनगर आहे. १९६०च्या दशकात तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि नोकरीधंद्याच्या निमित्ताने नाना प्रांतांतली माणसे तेथे येऊन राहिली. या अंबत्तूरचाच एक भाग म्हणजे ओरगडम. (श्रीपेरुंबुदूरजवळचे, मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले ओरगडम निराळे.) समजा, येथे एका महाराष्ट्रीय कुटुंबाचे स्वतःचे जुने, विटांचे, एकमजली घर आहे. साताऱ्याहून आजोबा आता कायमचे राहावयास आले आहेत. मागील बाजूस शेजारी शेजारी मोरी आणि शौचकूप; दोन्ही अरुंद, आणि वरच्या छपरावर पाण्याची टाकी.

घरात तीन सूचना पुढे येतात. सूनबाई म्हणतात, आहे तेच न्हाणीघर सुधारावे. मुलगा म्हणतो, मधली भिंत पाडून मोरी आणि शौचकूप एक करावे. गवंडी म्हणतो, "घराच्या बाजूला कुंपणापर्यंत मोकळी जागा आहे, तेथे नवे न्हाणीघर बांधून देतो. चार दिवसांचे काम, परवानगी कशाला?" तिन्ही सूचना आजोबांच्या सोयीसाठीच आहेत, पण कायद्याच्या आणि घराच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने त्या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली सूचना घेऊ. घसरडी फरशी काढून खरखरीत फरशी बसविणे, गिलावा नवा करणे, रंग देणे, गळके नळ बदलणे, बसक्या भांड्याच्या जागी खुर्चीसारखे उंच भांडे बसविणे, भिंतीला धरावयाचे दांडे लावणे ही सारी दुरुस्तीची कामे आहेत. राज्यांनी व नगरपालिकांनी आपले नियम करताना नमुना म्हणून समोर ठेवावी अशी राष्ट्रीय बांधकाम संहिता १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि तिची सुधारित आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. फरशी व कौले बदलणे, गिलावा, रंगसफेती, आतील आडोशाच्या भिंती, खोल्याखोल्यांतील दारे अशा कामांना बांधकाम परवाना लागत नाही, असे ही संहिता सांगते. मात्र तिची एक अट आहे : त्या कामाने इमारतीची मजबुती, आगीपासूनची सुरक्षितता आणि बांधकामाचे सामान्य नियम यांना बाध येता कामा नये.

ही अटच दुसऱ्या सूचनेच्या आड येते. मोरी आणि शौचकूप यांच्यामधली भिंत केवळ आडोसा आहे की छपराचा भार पेलते आहे, हे नुसत्या नजरेने ठरविता येत नाही. विटांच्या जुन्या घरांत बहुधा भिंतीच भार वाहतात. शिवाय वर टाकी आहे. एक हजार लिटर पाण्याचे वजन एक टन भरते, आणि ते रात्रंदिवस त्या भिंतींवर उभे असते. अशी भिंत काढावयाची तर ती दुरुस्ती राहत नाही, तो इमारतीच्या रचनेतला बदल होतो. त्यासाठी आधी परवानाधारक अभियंत्याकडून पाहणी करवून घ्यावी आणि त्याने भिंत भारवाही ठरविली तर नकाशा काढून परवानगीसाठी अर्ज करावा. दोन्ही एकत्र करताना मापाचाही विचार हवा. संहितेप्रमाणे स्नानगृह व शौचकूप एकत्र असेल तर क्षेत्रफळ किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे तीस चौरस फूट असावे. स्वतंत्र स्नानगृहास १.८ आणि स्वतंत्र शौचकुपास १.१ चौरस मीटर. बाहेरची हवा येण्यास वाटही हवी.

तिसरी सूचना वरकरणी सर्वांत सोपी दिसते आणि तीच सर्वांत अडचणीची आहे. घराभोवती सोडलेली मोकळी जागा रिकामी दिसली तरी निरुपयोगी नसते. हवा, उजेड, पावसाच्या पाण्याचा निचरा आणि संकटकाळी बचावाची वाट यांसाठी ती नियमाने सोडलेली असते. तेथे छपर घातले की ते नवे बांधकाम झाले, मग ते कितीही लहान असो. अंबत्तूर २०११ पर्यंत स्वतंत्र नगरपालिका होती. त्या वर्षी ती चेन्नई महानगरपालिकेत सामील झाली. तमिळनाडूत २०१९ मध्ये एकत्रित विकास व इमारत नियम लागू झाले. त्यामुळे नव्या बांधकामाचा अर्ज महानगरपालिकेकडे जातो, आणि मोकळ्या जागेची मापे त्या नियमांवरून तपासली जातात.

सांडपाण्याचा प्रश्नही येथेच उभा राहतो. नवे न्हाणीघर म्हणजे नवी नळी, नवा चेंबर आणि कदाचित नवी गटारजोडणी. चेन्नईत पाणी व मलनिस्सारण यांचा कारभार १९७८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या स्वतंत्र मंडळाकडे आहे. भुयारी गटाराला जोड द्यावयाची तर त्याची अनुमती हवी. जेथे गटार नाही तेथे मैल्याची टाकी आणि शोषखड्डा येतो. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. कित्येक घरांत स्वतःची विहीर किंवा कूपनलिका असते आणि शेजाऱ्याची कुंपणापलीकडेच असते. आपल्या घाईने शेजारच्या मुलाबाळांच्या पाण्यात मैला झिरपला, तर त्या सोयीला काय अर्थ?

सदनिकेत राहणाऱ्यांनी अधिकच सावध असावे. मुंबईचे उदाहरण आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ याच्या कलम ३४२ मध्ये किरकोळ दुरुस्त्यांना सूट आहे. गिलावा, रंग, फरशी बदलणे, शौचकूप व न्हाणीघराची दुरुस्ती, नळ आणि सांडपाण्याच्या नळ्या बदलणे ही कामे त्या सुटीत येतात. पण इमारतीच्या लांबी-रुंदी-उंचीत बदल, भारवाही भिंत वा खांब काढणे किंवा बदलणे, जमिनीची पातळी खाली नेणे, पोटमाळा घालणे ही कामे त्या सुटीत बसत नाहीत. याखेरीज सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्याने सदनिकेत फेरबदल करण्यापूर्वी संस्थेच्या समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. भाडेकरूने घरमालकाची लेखी संमती घ्यावी.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणास वाटेल. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईतील घाटकोपर येथे एक चारमजली इमारत कोसळली आणि सतरा माणसे मृत्युमुखी पडली. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलात इमारतीच्या आधाराच्या भागांना धक्का लागला, असा आरोप त्या वेळी झाला. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी त्या कामात एक वीटही हलविली नव्हती. न्हाणीघराचे काम त्यामानाने लहान खरे. परंतु तीस चौरस फुटांच्या जमिनीवर अर्धा फूट जाडीचा विटांचा भराव घातला तरी सुमारे पाऊण टन वजन वाढते. दुसऱ्या मजल्यावरील न्हाणीघरात हे वजन कोठे जाणार, याचा विचार कोणीतरी जाणत्याने केलेला असावा, एवढाच परवानगीचा हेतू.

काम काढण्यापूर्वी घराचा मंजूर नकाशा शोधून ठेवावा. काय बदलायचे आणि काय तसेच ठेवायचे, याची यादी करावी. यादीत भिंत, खांब, छपर, मोकळी जागा किंवा सांडपाण्याची नवी वाट यांपैकी काही आले, तर अभियंत्यास विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. स्थानिक नियमांत थोडाफार फरक असतो; म्हणून महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात एकदा चौकशी करावी. ओरगडमच्या रहिवाशांस हे कार्यालय अंबत्तूरलाच आहे. "परवानगी लागत नाही" हे उत्तर गवंड्याकडून नव्हे, तेथून घ्यावे. पुढे घर विकताना किंवा त्यावर कर्ज काढताना मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांचा मेळ पाहिला जातो, हेही ध्यानात असू द्यावे.

आपल्या ओरगडमच्या घरात शेवटी काय ठरावे? आजोबांना नवी खोली नको आहे. न पडता, कोणाचा हात न धरता त्यांना स्नान करावयाचे आहे. खरखरीत फरशी, पाण्याला नीट उतार, उंच भांडे, दोन मजबूत दांडे, बाहेर उघडणारे दार आणि चांगला दिवा एवढ्याने ते साधते, आणि यांपैकी कशासाठीही भिंत पाडावी लागत नाही. सूनबाईंची सूचना सर्वांत स्वस्त होती, आणि आजोबांच्या गरजेलाही तीच पुरी पडणारी होती. मधली भिंत काढण्याचा विचार अभियंता येऊन पाहून जाईपर्यंत थांबू शकतो. आजोबांचे उद्याचे स्नान मात्र थांबत नाही. म्हणून आधी फरशी बदलावी.