संगणकाच्या पोटात (भाग १४) : यंत्र वेगवान, तरी सहा मिनिटं कशाला?

गेल्या भागात प्रोसेसरचा वेग कशावर ठरतो ते पाहिलं. त्यातून साहजिकच निघणारा प्रश्न असा, की यंत्रं एवढी ताकदवान झाली असताना प्रोग्रॅम वेगानं चालावा म्हणून आता डोकं कशाला शिणवायचं? यंत्र स्वस्त आणि प्रोग्रॅमरचा वेळ महाग, हा हिशेब कंपन्यांमध्ये सर्रास मांडला जातो. त्यात तथ्यही आहे. महिन्यातून एकदा रात्री निघणारा अहवाल चार मिनिटांऐवजी चाळीस सेकंदांत निघाला म्हणून कोणाचं काही बिघडत किंवा साधत नाही. पण हाच हिशेब सरसकट लावला की काय होतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण एका व्हिडिओ गेमचं आहे.

रॉकस्टार कंपनीचा ‘जीटीए ऑनलाइन’ ऑक्टोबर २०१३मध्ये आला. लोकप्रियता अफाट, पण पीसीवर सुरू व्हायला तो कित्येकांकडे पाच-सहा मिनिटं घ्यायचा. खेळणारे वर्षानुवर्षं कुरकुर करत राहिले. फेब्रुवारी २०२१च्या अखेरीस एका खेळाडूनंच त्याचा छडा लावला. त्याच्याकडे मूळ कोड नव्हता. चालू प्रोग्रॅमवर बाहेरून नजर ठेवूनच त्याला शोधायचं होतं. त्याला दिसलं ते असं : डिस्क, नेटवर्क, ग्राफिक्स कार्ड जवळजवळ रिकामे बसलेले आणि प्रोसेसरचा एकच कोअर मिनिटंच्या मिनिटं पूर्ण राबतो आहे.

हा कोअर करत काय होता? गेममध्ये विकत घेता येणाऱ्या वस्तूंची यादी वाचत होता. फाइल सुमारे १० मेगाबाइटची, नोंदी साधारण ६३ हजार. आजच्या यंत्राला हे काम किरकोळ आहे. पण फाइलमधला एकेक तुकडा वाचायला ‘सी’ भाषेतलं एसस्कॅनएफ हे फंक्शन वापरलं होतं आणि ते प्रत्येक वेळी आधी उरलेल्या संपूर्ण मजकुराची लांबी मोजत होतं. वहीतली प्रत्येक ओळ वाचण्याआधी शेवटच्या पानापर्यंतची अक्षरं मोजून येणारा कारकून डोळ्यांसमोर आणा. नोंदीमागे एकदाच आणि सरासरी अर्धी फाइल मोजली असं धरलं, तरी ३१ हजार कोटींहून जास्त अक्षरं मोजून होतात. प्रत्यक्षात एका नोंदीत तुकडे अनेक असतात.

पुढे आणखी एक घोळ होता. वाचलेली नोंद यादीत टाकण्यापूर्वी ती आधीच आलेली नाही ना, हे पाहायला प्रोग्रॅम आतापर्यंतची सगळी यादी पहिल्यापासून चाळायचा. ६३ हजार नोंदींसाठी अशा तुलना होतात जवळपास १९८ कोटी. आणि नोंदी मुळात सगळ्या वेगवेगळ्याच होत्या!

हाच कोड हजार नोंदींवर चालवला, तर तुलना होतात पाच लाख. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम संपतं. लिहिणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला काही जाणवणारच नाही. नोंदी ६३ पट झाल्या, की काम जवळजवळ चार हजार पट होतं. याउलट, प्रोसेसर दुप्पट वेगाचा आणला तर तेवढ्याच वेळात नोंदी जेमतेम १.४ पट हाताळता येतात. माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म या आकड्यांत आहे. यंत्राचा वेग कामाला एका ठरावीक आकड्यानं भागतो, कामाची वाढ मात्र माहितीबरोबर वर्गाच्या हिशेबानं होते. शर्यत यंत्र हरणारच.

त्यातून वेगाची ती जुनी वाढही आता राहिलेली नाही. १९९३चा पहिला पेंटियम ६० मेगाहर्ट्झचा. २०००मध्ये प्रोसेसर १ गिगाहर्ट्झला पोहोचले, २००४मध्ये ३.८ला. मग उष्णता आडवी आली. इंटेलनं ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ त्याच वर्षी रद्द केला. वीस वर्षं उलटली, तरी घरगुती प्रोसेसर पाच-सहा गिगाहर्ट्झच्या आसपासच घुटमळतात. प्रत्येक ठोक्यात होणारं काम वाढलं, कोअर वाढले, हे खरं. पण एकामागून एक करायच्या कामाला जास्तीचे कोअर कामी येत नाहीत. जीटीएच्या खेळाडूंचे बाकीचे कोअर बसूनच होते.

त्या खेळाडूनं दोन दुरुस्त्या केल्या. लांबी एकदा मोजून लक्षात ठेवली आणि यादी चाळणं थांबवलं. त्याच्या यंत्रावर सहा मिनिटांचं काम १ मिनिट ५० सेकंदांवर आलं. यंत्र जुनंच होतं, एक पैसाही त्यावर खर्च झाला नाही. रॉकस्टारनं शोध मान्य केला, त्याला १०,००० डॉलर दिले आणि मार्चमध्ये दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोहोचवली.

प्रोग्रॅमरचा वेळ महाग म्हणताना त्या सात वर्षांत लाखो खेळाडूंनी रोज घालवलेली मिनिटं कोणत्याच वहीत चढली नव्हती. मला याचा राग येतो, कारण उपाय काही दिवसांचा होता. प्रत्येक ओळ घासूनपुसून वेगवान करा, असं माझं म्हणणं नाही. तो वेळ खरंच वाया जातो. पण आपला प्रोग्रॅम लोकांच्या हाती देण्याआधी त्यात दहापट नोंदी भरून एकदा जरूर चालवून पाहा. वेळ दहापट झाला तर निश्चिंत राहा. शंभरपट झाला, तर वेळ नेमका कुठे जातो आहे ते शोधावं लागेल. त्यासाठीचं हत्यार म्हणजे प्रोफायलर. ते कसं वापरायचं, हे पुढच्या आठवड्यात.